दारापुढचा तंबू कोणता घ्यावा?

प्रश्न : आम्ही दोघं आणि कुत्रा, दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवतो. कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, दारापुढे लावायचा छोटा तंबू कसा निवडावा?

उत्तर : रंग नंतर बघा, आधी टेप काढा. कॅराव्हॅन सपाट जागी उभी करून जमिनीपासून तंबू अडकवायच्या पट्टीपर्यंतची उंची मोजा. बरेचसे छोटे तंबू साधारण २३५ ते २५० सेंटिमीटरसाठी बेतलेले असतात. तंबूची कड खिडकीच्या मधोमध येत नाही ना, हेही पाहा. तिथूनच वारा शिरतो.

तुम्ही सारखे हलणार, म्हणून मी हवा भरायच्या नळ्यांचा, पॉलिएस्टरचा घेईन. अ‍ॅक्रिलिक कापडाच्या तंबूत आतून ओल कमी धरते, पण उचलताना कंबर बोलते! तंबूचं वजन कॅराव्हॅनच्या सामानमर्यादेत धरायला विसरू नका. वादळी वाऱ्यात तंबू जमिनीला धरून ठेवणारे पट्टे वेगळे घ्यावे लागले तरी घ्याच.