दोन नंबरचं भोक

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

धाकटा भाऊ दहा वर्षांचा आहे, त्याला माऊथ ऑर्गनवर ब्लूज हे अमेरिकेतलं गाणं वाजवायचं आहे, घरात सुरातलं कळणारी तू एकटीच, आणि त्याचा हुरूप कसा टिकवायचा असं तू विचारलंस. हुरुपाचं नंतर बघू. आधी त्याच्या हातात काय आहे ते बघ. लेकरं कंटाळून सोडतात असं आपण म्हणतो. खरं तर कानाने ऐकलेलं तोंडातून निघत नाही म्हणून सोडतात, आणि पुष्कळदा त्यात लेकराचा काही दोष नसतो.

तालुक्याच्या दुकानात किंवा जत्रेत माऊथ ऑर्गन मागितला की बहुधा लांबट, भोकांच्या दोन ओळींचा मिळतो. त्याला ट्रेमोलो म्हणतात. एका स्वराला दोन पत्त्या (हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी पट्ट्या), एकमेकींपेक्षा किंचित वेगळ्या लावलेल्या, म्हणून आवाज थरथरतो. आरतीला, सिनेमाच्या गाण्याला तो गोड लागतो. पण त्यात प्रत्येक पत्ती आपापल्या कप्प्यात एकटी असते, त्यामुळे ब्लूजमधली ती स्वराची घसरण, जिला तू मींड म्हणशील, ती त्यावर निघत नाही. पोराने त्यावर वर्षभर डोकं फोडलं तरी निघणार नाही. त्याला हवा दहा भोकांचा, एका ओळीचा डायटॉनिक. झाकणावर १ ते १० आकडे असतात आणि पट्टीचं अक्षर असतं. अक्षर सी घे, म्हणजे पेटीची पांढरी एक. मधली चौकट प्लास्टिकची बघ. लाकडाची चौकट थुंकीने फुगते, कडा ओठाला लागतात, आणि लहान पोरं थुंकी फार सोडतात. होनर कंपनीचा मरीन बँड १८९६ पासून नावाजलेला आहे, पण मूळचा लाकडी. त्याच कंपनीचा स्पेशल ट्वेंटी प्लास्टिकचा आहे. अगदी खेळण्यातला घेऊ नको. त्याच्या फटींतून हवा गळते, मग पोरगा जोर लावतो, आणि एकदा जोराची सवय लागली की ती सुटायला फार दिवस जातात.

धरायचा डाव्या हातात, आकडे वर, १ नंबर डावीकडे. उजव्या हाताची ओंजळ मागून.

आता तुझ्या भाषेत सांगतो. चार नंबर फुंकला की सा, ओढला, म्हणजे त्यातून श्वास आत घेतला, की रे. पाच फुंकून ग, ओढून म. सहा फुंकून प, ओढून ध. सातवर उलटं होतं: आधी ओढून नी, मग फुंकून वरचा सा. इथे सगळे अडखळतात, ते ठाऊक असलं की पोरगा स्वतःला नावं ठेवत नाही. आणखी एक. भजनाची चाल तो एक नंबरपासून काढायला बघेल आणि म सापडणार नाही, ध सापडणार नाही. ते स्वर खालच्या सप्तकात सरळ बसवलेलेच नाहीत. भजन चारपासून वरच काढायचं.

ब्लूज मात्र याच सी पट्टीच्या बाजावर जी मध्ये वाजतो, म्हणजे सा धरायचा पांढरी पाच. तो सा दोन नंबर ओढल्यावर मिळतो. तिथून वर तीन ओढून ग, चार फुंकून म, चार ओढून प, पाच ओढून कोमल नी, सहा फुंकून वरचा सा. बहुतेक महत्त्वाचे स्वर ओढण्यात आले बघ. ओढलेल्या स्वराला तोंडाने वाकवता, म्हणजे खाली घसरवता येतं, म्हणून ही उलटी पद्धत. ब्लूजचं स्वरसप्तक सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी असं आहे. तीव्र म बाजूला ठेवलास तर धानी रागाचे स्वर उरतात. धाकट्याला धानीतलं काही तू पेटीवर ऐकवलंस तर त्याचा कान निम्मं काम आपणच करील.

आता खरी अडचण. दोन नंबर ओढला की बहुतेक नवशिक्यांचा आवाज घुसमटतो, नाहीतर येतच नाही. पोरगं म्हणतं, "ताई, हे खराब आहे." घरचे म्हणतात, दुकानदारानं फसवलं. तू स्वतः तोंड धुऊन, अगदी हळू, उसासा घेतल्यासारखा दोन नंबर ओढून बघ. वाजला, तर वाद्य ठीक आहे. घुसमटायचं कारण असं की पोरगा स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसा ओढतो. गाल आत जातात, जीभ वर येते, तोंडातली जागा अरुंद होते, आणि नकळत तो स्वर अर्धवट वाकवून बसतो. जितका जोर लावतो तितका स्वर जास्त दबतो.

त्याला असं कर म्हण. वाद्य बाजूला ठेवून जांभई दे. जबडा खाली, जीभ खाली, घसा मोकळा. तसंच तोंड ठेवून हळू श्वास आत घ्यायला लाग, आणि श्वास चालू असतानाच वाद्य ओठांशी आण. आधी एक आणि दोन दोन्ही मिळून वाजू दे. मग वाद्य किंचित डावीकडे सरकव, म्हणजे एक नंबर सुटेल आणि दोन एकटा उरेल. ओठ नुसते कडेला टेकवायचे नाहीत, वाद्य ओठांच्या आतल्या ओलसर भागापर्यंत हवं. ओठ कोरडे असतील तर आधी जिभेने ओले करायचे. मे महिन्यात आपल्याकडे हे दर पाच मिनिटांनी करावं लागतं. आवाज तरी क्षीण राहिला तर नाक चिमटीत धरून वाजवायला लाव. चिमटीत एकदम भरला तर हवा नाकातून निसटत होती.

एक भोक एकटं वाजवणं चार नंबरवर आधी जमतं. तू दोन बोटांनी त्याचा तीन आणि पाच नंबर झाकून धर, म्हणजे चार स्वच्छ कसा लागतो ते कानाला कळेल. मग बोटं काढ आणि शिट्टीसारखा ओठांचा चंबू करायला सांग.

मींडेची घाई करू नको. तिला काही आठवडे लागतात, कधी महिने. वेळ आली की चार नंबरवर सुरू करा. ओढत असतानाच मनात "ई" म्हणायचं आणि हळूच "ऊ" कडे जायचं. जिभेचा उंचवटा पुढून मागे सरकतो आणि स्वर खाली घसरतो. जोर वाढवायचा नाही. जोराने पितळी पत्ती थकते, बेसूर होते, कधी चिरते, आणि चार-पाच नंबरच्या ओढायच्या पत्त्या बहुधा सगळ्यांत आधी जातात.

कोणत्या भोकावर किती घसरता येतं हे त्या भोकात राहणाऱ्या दोन पत्त्यांवर ठरतं. ओढलेला स्वर खाली येत येत फुंकायच्या स्वराच्या जेमतेम वर थांबतो. चारमध्ये रे आणि सा, म्हणून मधला एकच अर्धस्वर. तीनमध्ये अंतर मोठं, तिथे तीन अर्धस्वर. म्हणून तीन नंबर सगळ्यांत अवघड, कुठे थांबायचं तेच कळत नाही. पाचमध्ये दोन्ही स्वर शेजारी, तिथे घसरायला जागाच नाही. पोरगा पाचवर झगडत बसला तर त्याला हे सांग.

तुझ्या पेटीचा खरा उपयोग इथे आहे. आधी पांढरी एक दाब आणि त्याला चार फुंकायला सांग. दोन्ही मिळून लाटा उठल्यासारखं वाटलं तर पेटीचा सूर उतरलाय किंवा चढलाय. जुन्या पेट्यांचं होतं असं. मग तिच्यावरून मींड तपासू नको. लाटा नसतील, तर काळी पाच दाबून धर. हा झाला पांढरी पाचचा कोमल ग. त्याने तीन ओढायचा आणि वरून घसरत तुझ्या सुरात येऊन मिळायचं. तू बोलायचं काही नाही. मिळाला की दोघांनाही कळतं, खोलीतच काहीतरी जागेवर बसल्यासारखं होतं. चारसाठी काळी एक दाब.

हे कोरडं वाटलं तर आगगाडी शिकव. एक आणि दोन नंबरची भोकं मिळून दोनदा ओढायची, दोनदा फुंकायची, जिभेने "टका-टका" म्हणत. आधी बैलगाडीच्या चालीने, मग वेग. शिट्टीसाठी चार आणि पाच नंबर मिळून ओढायचे आणि मागची ओंजळ उघडायची-मिटायची. डीफोर्ड बेली, सनी टेरी हे तिकडचे माऊथ ऑर्गनवाले यासाठी प्रसिद्ध होते. सनी टेरी तर अंध होता, वाजवता वाजवता मध्येच तोंडाने हुंकार भरायचा. पोराला ऐकव, हसत सुटेल आणि लगेच करायला जाईल. आगगाडीत चुकीचा स्वर असा नसतोच, आणि श्वासाचा मेळ आपोआप बसतो. ब्लूजमध्ये ओढणं जास्त, म्हणून छाती भरून येते आणि पोरगा मध्येच थांबून धापा टाकतो. आत आलेली हवा फुंकायच्या जागी आणि ओळ संपल्यावर नाकावाटे सोडून द्यायची. चक्कर आली तर वाद्य खाली ठेवायचं, दोन मिनिटं बसायचं.

आणि त्याने विचारलं की हे आहे तरी कुठलं, तर कापसाचं सांग. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या पऱ्हाटीत राबणाऱ्या काळ्या माणसांचं हे गाणं. १८६१ ते १८६५ तिथे यादवी युद्ध पेटलं, तिकडच्या गाठी अडकल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी टाकली तीसुद्धा कापूस वाहायलाच.

बारा मात्रांचं काहीतरी असतं असं त्याने ऐकलं असेल. ती बारा आवर्तनं आहेत, प्रत्येकी चार मात्रांची. पेटीवर तू धर: चार आवर्तनं पांढरी पाच-सात-दोन, दोन आवर्तनं पांढरी एक-तीन-पाच, परत दोन पहिलं, एक आवर्तन पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा, एक आवर्तन एक-तीन-पाच, शेवटची दोन पुन्हा पहिलं. त्याला फक्त तीनच स्वर दे, तुझ्या पहिल्या जागी दोन ओढ, दुसऱ्या जागी चार फुंक, तिसऱ्या जागी चार ओढ. सा, म, प. लय सरळ धरू नका. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करा आणि मधला गिळून टाका.

यात शब्दही घाला. ब्लूजची ओळ दोनदा म्हणतात, तिसरी उत्तर देते. उदाहरणादाखल हे घे, आवडलं नाही तर दुसरं जुळव:

पऱ्हाटी सुकली माय, पानी कवा येईन
पऱ्हाटी सुकली माय, पानी कवा येईन
आभाय आलं भरून, वारं घेऊन जाईन

एक ओळ पहिल्या दोन आवर्तनांत गा, पुढच्या दोनांत गप्प बस. ती जागा त्याची. भजनी मंडळात झील धरतात तसं त्याने उत्तर द्यायचं, एकाच स्वराने दिलं तरी चालेल. इतर कशाहीपेक्षा या रिकाम्या जागेने लेकरू जास्त शिकतं.

मोबाईलवरच्या गाण्याबरोबर वाजवायला गेला आणि काहीच जुळलं नाही, तर आधी गाण्याची पट्टी बघ. ई मधल्या गाण्याला ए पट्टीचा बाजा लागतो, ए मधल्याला डी चा. त्याचं काही चुकत नसतं. जी मधलाच ठेका शोधून लाव. ऐकायला वेग ०.७५ कर, स्वर तोच राहतो.

आता घरच्यांचं. पाहुणे आले की "वाजवून दाखव बाबू" होणारच, आणि 'शोले'त अमिताभ संध्याकाळी एकटा बसून वाजवतो ती धून मागणार. (ती भानू गुप्ता यांनी वाजवली आहे, बसल्या बैठकीत निघत नाही, हे पाहुण्यांना सांगायला हरकत नाही.) पहिले काही महिने हे तू अडव. "त्याचा रियाज चालू आहे" एवढं म्हण. त्याला आपणहून दाखवायचं असेल तर आगगाडी दाखवू दे. शाबासकी देताना नुसतं "मस्त" म्हणू नको, "आज दोन नंबर घुसमटला नाही" असं म्हण. रोज दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, याहून जास्त बसवू नको. जास्त वाजवायचं असेल तर तो आपणच वाजवेल. पंधरा दिवसांतून एकदा एक मिनिट रेकॉर्ड कर आणि महिन्याने दोन्ही लागोपाठ ऐकव.

वाजवायच्या आधी चूळ भरायची. चिवड्याचा कण, संत्रागोळीची साखर पत्तीला चिकटली की स्वर मुका होतो. काकांनी "आण रे, पाहू" म्हटलं आणि तोंडात खर्रा असेल तर सरळ नाही म्हणायचं, काका असले तरी. थंडीत वाद्य पाच मिनिटं मुठीत गरम करायचं, नाहीतर श्वासाचं पाणी गार पत्तीवर जमतं. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर चार-पाच वेळा आपटायचं. उन्हात, टिनावर ठेवायचं नाही. स्वर एकदम बंद झाला तर झाकणाचे दोन स्क्रू काढून उजेडाकडे धर. बहुधा कापसाचा तंतू किंवा केस सापडतो. कागदाच्या टोकाने काढ, खिळ्याकडून मोकळ्या टोकाकडे. सुईने नको, ओरखडा पडला की सूर हलतो.

दुसऱ्या पट्टीचा एवढ्यात घेऊ नका. दोन नंबरचं काय झालं ते आठ दिवसांनी कळव, आणि नाक धरून फरक पडला की नाही तेही लिही.

तुझा,
काका