डी अँड डीसाठी मिनीचे बंद डबे एकेक घ्यावेत की आख्खी ब्रिक मागवावी?

तुम्ही धुळ्यात चार-पाच मित्र जमवून डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, मिळून गोष्ट रचत खेळायचा टेबलावरचा खेळ) सुरू करताय, डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, तुम्हीच आहात, आणि रंगवलेल्या मिनीचे (पात्रांच्या, राक्षसांच्या छोट्या बाहुल्यांचे) बंद डबे, आत काय आहे ते फोडेपर्यंत न कळणारे, सुटे घ्यावेत की ब्रिक, म्हणजे डब्यांचा आख्खा गठ्ठा, असं विचारताय. माझं उत्तर: दोन्ही नको. निदान डीएमनं स्वतःच्या खिशातून तरी नकोच. जळगावात आमच्या टेबलावर याच गोष्टीवरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे एकही मिनी नव्हती तेव्हा खेळ कुठेच अडत नव्हता. खेळाच्या नकाशावर एक इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले पाच फूट. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, चौकोनात जवळजवळ बसतं. गोब्लिन, म्हणजे टोळीनं येणारे बुटके राक्षस, पुठ्ठ्याचे, कापून खाली चिमटा लावलेले. एका वर्षी पोळा झाल्यावर कुंभाराकडे उरलेले मातीचे बैल मी स्वस्तात उचलून आणले आणि त्यांना राखाडी रंग दिला. डी अँड डीतला गॉर्गन म्हणजे लोखंडी खवल्यांचा बैल, त्याच्या फुंकरीनं माणसाचा दगड होतो. मातीचे ते बैल दोन बाय दोन चौकोनात असे बसले की जणू त्यासाठीच घडवले होते. त्या रात्री आमचा पॅलाडिन, एका खेळाडूचा योद्धा, दगड झाला तेव्हा बाकीचे खुर्च्या सोडून उभे राहिले होते. मला त्या बैलांचा आजही अभिमान आहे.

माझा मामेभाऊ, मी दादा म्हणते, पुण्यात नोकरीला. सुट्टीत आला, बैल बघितले आणि म्हणाला की टेबल गरीब दिसतं. वर्गणी काढून ब्रिक मागवू. मी पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. पण बाकीचे हुरळले. तेव्हा त्यानं एक वाक्य टाकलं, ते अजून घरात फिरतंय: "बंद डबामाच मजा शे व! गुलाबाईना खाऊ वळखतस तसं."

इथेच माझं डोकं फिरतं. मी लहानपणी महिना महिना गुलाबाई खेळले आहे. डबा हलवायचा, आवाजावरून ओळखायचं, गोड की तिखट, लाडू की चिवडा. पण ओळखता आलं नाही तरी डबा उघडल्यावर खाऊ सगळ्यांच्या हातावर पडतो, सारखा. तिथे कुणी पैसे देऊन डबा हलवत नाही आणि कुणी रिकाम्या हातानं घरी जात नाही.

आमची ब्रिक आली. ब्रिक म्हणजे आठ डबे, डब्यात चार मिनी, त्यातली एक मोठी. हिशेबानं बत्तीस. ऐकायला भरघोस वाटतं. मला पुढच्या सेशनला सहा सांगाडे आणि गोब्लिनची टोळी हवी होती. गोब्लिन निघाला एक. सांगाडा नाहीच. कोबोल्ड मात्र पुन्हा पुन्हा तेच. आणि आमच्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरीनं शिकवणीच्या पैशातून सगळ्यांइतकीच वर्गणी दिली होती, तिच्या वाट्याला ते कोबोल्ड आले. कारण ड्रायडर (वर माणसासारखा, खाली कोळी असा राक्षस) आणि इतर दुर्मीळ मिनी दादानं बाजूला काढल्या. ऑर्डर त्याच्या नावावर, कार्ड त्याचं, कुरियर आणि कस्टमची कटकट त्यानं सोसली, हे त्याचं कारण. कटकट सोसली हे खरं. पण पैसे सगळ्यांचे होते.

दादा आजही म्हणतो की नशीब वाईट निघालं. नशिबाचा इथे काही संबंध नाही. ही विक्रीची पद्धत मुळात दुसऱ्या खेळाची आहे. १९९३ साली मॅजिक द गॅदरिंगनं पत्त्यांची बंद पाकिटं विकली. विझकिड्स कंपनीनं २००० साली मेज नाईट या लढाईच्या खेळात तेच मिनीच्या बाबतीत केलं. २००३ साली डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं डी अँड डीच्या रंगवलेल्या मिनी तशाच काढल्या, आणि सोबत त्यांचा छोटा लढाईचा खेळही होता, प्रत्येक मिनीला आकड्यांचं कार्ड. त्या खेळात जे हाती येईल त्यातूनच आपली फौज उभी करायची, म्हणून अदलाबदलीला, दुर्मीळतेला अर्थ होता. डीएमचं काम नेमकं उलटं. गोष्ट आधी ठरते, राक्षस नंतर. आणि टोळी म्हटलं की एकसारख्या मिनी लागतात, बंद डबा देतो एकेक नग. २०१४ पासून विझकिड्सच्या आयकॉन्स ऑफ द रेल्म्स मालिकेतही हीच पद्धत आहे. मिनी देखण्या आहेत, त्याबद्दल वाद नाही.

तेव्हा तुम्ही पुढच्या तीन-चार सेशनमध्ये कोण कोण येणार त्याची यादी करा आणि नाव बघून घ्या. विझकिड्सच्याच न रंगवलेल्या मिनींच्या नोल्झर्स मार्व्हलस मालिकेच्या पाकिटात काय आहे ते बाहेरून दिसतं. त्या प्रायमर मारून येतात, रंग तुम्ही द्यायचा. मोठे ड्रॅगन वेगळ्या डब्यात नावासकट मिळतात, त्यासाठी ब्रिक फोडायची गरज नाही. ज्यांनी ब्रिक फोडली ते नकोशा मिनी सुट्या विकतातच, सांगाडे त्यांच्याकडून घ्या. आधी खेळाडूंच्या पात्रांच्या मिनी घ्या. त्या दर आठवड्याला टेबलावर असतात, राक्षस एका रात्रीचा पाहुणा. तोवर पुठ्ठा आणि नाणी चालतात.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुम्हाला रंगवायला अजिबात वेळ नसेल आणि पुढच्या सेशनची घाई नसेल, तर सुटा एखादा डबा घेऊन त्यात जे निघेल त्यावरून साहस रचता येतं. मी तसं केलेलं आहे, मजा येते. जो संग्रह करतो त्याची गोष्टही वेगळी, त्याला ब्रिक परवडते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात या मिनी पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवू नका. प्लॅस्टिक मऊ असतं, भाले-तलवारी वाकतात. वाकलंच तर गरम पाण्यात बुडवायचं, बोटानं सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं.

मित्र वर्गणीवर अडूनच बसले तर डबे फोडायच्या आधी वाटपाचा नियम कागदावर लिहा. सगळ्या मिनी टेबलावर मांडायच्या, चिठ्ठ्या टाकून क्रम लावायचा, एकेकानं एकेक उचलायची, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. ऑर्डर कुणाच्या कार्डावर झाली याला फेरीत किंमत नाही, कुरियर-कस्टमचा खर्च वर्गणीत आधीच धरायचा. दादा, हे तू वाचशीलच. ड्रायडर त्या पोरीचा आहे, दिवाळीला येताना घेऊन ये.