वाचकांचे प्रश्न : इंग्रजी स्पेलिंग नेमकं कुठे चुकतं?

प्रश्न : 'सेपरेट', 'डेफिनिटली', 'ग्रामर' या शब्दांत ए लिहायचा, ई की आय, यावर हात अडतो. पाठ केलेलंही टिकत नाही. काय करावं?

यात स्मरणशक्तीचा दोष नाही. इंग्रजी शब्दाच्या ज्या भागावर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसतो, तिथला स्वर बहुधा पुसट 'अ'सारखा होतो. मग लिहिताना तिथे ए असो, ई असो की आय, कानाला फरक कळत नाही. म्हणून त्याच कुळातला असा शब्द शोधावा, ज्यात तो स्वर ठसठशीत ऐकू येतो. 'डेफिनिशन'मध्ये एननंतरचा आय स्वच्छ ऐकू येतो, तेव्हा 'डेफिनिटली'तही एननंतर आयच. तिथे ए घालणं ही फार आढळणारी चूक आहे. 'ग्रॅमॅटिकल'मधला दुसरा ए ठळक आहे, म्हणून 'ग्रामर'चा शेवट ए-आर असा. 'सेपरेट' आणि 'प्रिपेअर' हे एकाच लॅटिन क्रियापदातून आलेले शब्द, त्यामुळे दोन्हींत पीनंतर ए येतो.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. 'प्रोनाउन्स'मध्ये ओ-यू आहे, पण 'प्रोनन्सिएशन'मध्ये तो ओ गळतो आणि नुसता यू उरतो. इथे उच्चारच बदलतो. जे 'प्रोनाउन्सिएशन' म्हणतात ते लिहितातही तसंच, त्यामुळे आधी उच्चार सुधारावा.

प्रश्न : 'ऑकर' (घडणे) पासून झालेल्या 'ऑकर्ड'मध्ये आर दोनदा येतो, मग 'ऑफर्ड'मध्ये एकदाच का?

आघातामुळे. क्रियापदाच्या शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन असेल, आघात शब्दाच्या शेवटच्या उच्चार-तुकड्यावर असेल आणि जोडायचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल, तर व्यंजन दुप्पट होतं. या तिन्ही अटी लागतात. 'ऑकर', 'रिफर', 'बिगिन' यांत जोर शेवटी आहे, म्हणून 'ऑकर्ड', 'रिफर्ड'मध्ये दोन आर आणि 'बिगिनिंग'मध्ये दोन एन. 'ऑफर', 'व्हिजिट', 'ओपन' यांत जोर सुरुवातीला, म्हणून व्यंजन एकच. 'रिपीट'मध्ये जोर शेवटी असला तरी टीआधी दोन स्वर आहेत, त्यामुळे टी एकच. 'रेफरन्स' म्हणताना जोर पुढे सरकतो आणि आर पुन्हा एकच होतो. 'ट्रॅव्हल'ला मात्र हा नियम लावू नका : 'ट्रॅव्हल्ड' ब्रिटिश पद्धतीत दोन एलने लिहितात, अमेरिकन पद्धतीत एकाने. कोणतीही एक पद्धत निवडा आणि संगणकाच्या स्पेलचेकमध्ये तीच भाषा ठेवा.

प्रश्न : 'इर्रिगार्डलेस' शब्दकोशात सापडतो. मग तो चूक कसा?

शब्दकोश लोक काय वापरतात त्याची नोंद ठेवतो. नोंद झाली म्हणजे शिफारस झाली असं नाही. मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या कोशात हा शब्द 1934 पासून आहे, पण अप्रमाण अशा शेऱ्यासह. त्याच्या सुरुवातीला नकार आहे आणि शेवटीही. अर्जात, अहवालात, परीक्षेत 'रिगार्डलेस'च लिहा.

'कुड ऑफ' (इथला 'ऑफ' एकाच एफचा) हे तर सरळ चूक आहे. 'कुड हॅव'चं बोलण्यातलं आखूड रूप 'ऑफ'सारखं ऐकू येतं, त्यातून ते आलं. दोन्ही शब्द स्वतंत्रपणे बरोबर असल्याने साधा स्पेलचेक त्याखाली रेघ ओढेलच असं नाही. मजकूर पूर्ण झाला की 'ऑफ' शोधा आणि त्याआधी 'कुड', 'शुड' किंवा 'वुड' आहे का ते पाहा.