गेममध्ये तेच तेच काम शेकडो वेळा का करायला लावतात? ग्राइंडिंग म्हणजे गेम बनवणाऱ्यांचा निव्वळ आळस नाही का?

प्रश्नातला ‘आळस’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हाच शब्द माझ्या दादाने २००६ च्या दिवाळीत मला ऐकवला होता. तो वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर तटस्थ वगैरे असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मी तेव्हा रत्नागिरीत अकरावीला होतो आणि रनस्केप खेळायचो. इंग्लंडमधल्या गोवर बंधूंनी २००१ मध्ये काढलेला हा ऑनलाइन गेम ब्राउझरमध्येच चालायचा. इन्स्टॉल काही करायचं नसल्यामुळे सायबर कॅफेवाले काका काही बोलत नसत. तासाला १५ रुपये. भारनियमनाचं वेळापत्रक बघून जायचं, तरी भलत्याच वेळी लाइट जायची, यूपीएस पीं पीं करायला लागायचा आणि सगळ्या टेबलांवरून एकदमच शिव्या ऐकू यायच्या.

माझा धंदा लॉबस्टर पकडण्याचा. आपण कोकणातले, मनात मी शेवंडच म्हणायचो. फिशिंगची ४० लेव्हल झाली की सापळा वापरता येतो. गेममधल्या पोर्ट सारीमहून ३० नाणी देऊन होडीने करामजा बेटावर जायचं, धक्क्यावर उभं राहायचं आणि पाणी हलताना दिसेल तिथे क्लिक करायचं. पिशवीला २८ कप्पे. एकात सापळा, एकात नाणी, उरलेल्या २६ मध्ये शेवंडी. पिशवी भरली की ३० नाणी देऊन परत, माल बँकेत टाकायचा, पुन्हा ३० नाणी, पुन्हा बेट. एकदा परतीचं भाडंच न्यायला विसरलो, तर तिथल्या बागेत दहा केळी तोडून पेटी भरून दिली तेव्हा ३० नाणी मिळाली. आई म्हणायची, “मिरकरवाड्यातून चार बांगडे आण म्हटलं तर तुझे पाय दुखतात, आणि तिकडे स्वतःचे पैसे घालून मासे पकडतोस?”

४० वरून ७० लेव्हलला जायला साधारण ७,८०० शेवंडी लागतात. म्हणजे ३०० फेऱ्या. त्या मी केल्या. कॅफेच्या हिशोबाने सातआठशे रुपये. फिजिक्समध्ये काय झालं ते विचारू नका.

दादा तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगला, हॉस्टेलवर, स्वतःचा कॉम्प्युटर. मी साठच्या आसपास असताना त्याने फोनवर पासवर्ड मागितला, “बघू तरी काय आहे एवढं.” मी दिला. त्याने स्क्रीनवरचा रंग ओळखून आपोआप क्लिक करणारा मॅक्रो लावला आणि झोपून गेला. बँकेच्या फेऱ्यांची कटकट नको म्हणून पकडलेली प्रत्येक शेवंड मॅक्रो तिथेच टाकून देत होता. त्याला फक्त आकडा वाढायला हवा होता.

पण अशाच मंडळींसाठी गेमवाल्यांनी एक गंमत करून ठेवलेली. मासेमारीच्या जागी मधूनच भोवरा उठायचा. समोर माणूस बसलेला असेल तर त्याला तो दिसतो, तो बाजूला होतो. नाही झाला तर सापळा पाण्यात गेलाच म्हणून समजा. मॅक्रोला भोवरा काय कळणार? सापळा गेला आणि माझा गडी उरलेली रात्र रिकाम्या हाताने पाण्यावर टिचक्या मारत उभा. दुसऱ्या दिवशी कॅफेत लॉगिन केलं तर लेव्हल होती तिथेच, पिशवीत फक्त नाणी. मी काकांच्या फोनवरून दादाला एसटीडी लावून हसलो. त्या कॉलचे नऊ रुपये वसूल झाले.

दिवाळीला घरी आल्यावर त्याने त्याचा बदला घेतला. चकली खाता खाता म्हणाला, “यंत्राला जमतं ते काम गेमने माणसाकडून करून घ्यायचंच कशाला? डिझाइन करायचा आळस, दुसरं काय!” वर गणितही मांडलं. रनस्केपमध्ये दर सातेक लेव्हलला लागणारे गुण दुप्पट होतात. ९९ ला १ कोटी ३० लाखांच्या वर गुण लागतात आणि ९२ ला पोचलात तरी रस्ता निम्माच झालेला असतो. “हा गेम नाही रे, सावकारी आहे.” बाबा हसले. मला सोळाव्या वर्षी उत्तर सुचलं नाही. आता देतो.

दादाने शेवंडी टाकून दिल्या, तिथेच त्याला गेम कळला नाही. शिजवलेली एक शेवंड खाल्ली की लढाईत गेलेल्या ताकदीतले १२ गुण भरून येतात. लढणाऱ्यांना मासे पकडत बसायला वेळ नसतो, ते विकत घेतात. ती विकत घ्यावीशी वाटते, कारण कुणीतरी कंटाळा सोसून ती धक्क्यावरून आणलेली असते. माझ्या ३०० फेऱ्या काढून टाका, तिची किंमत शून्य. मॅक्रोवाले वाढले की नेमकं हेच होतं. असं जमवलेलं गेममधलं सोनं खऱ्या पैशांत विकणाऱ्यांचा इतका सुळसुळाट झाला की डिसेंबर २००७ मध्ये रनस्केपने खेळाडूंमधला मुक्त व्यापारच बंद केला. लोक खवळले, पुढे मतदान झालं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तो परत आणावा लागला. म्हणजे दादासारख्यांनी गेमची अर्थव्यवस्था तीनेक वर्षं बंद पाडली. (हे वाक्य दादाला मान्य नाही.)

दुसरं, त्या धक्क्यावर दहा-पंधरा जण एकाच जागी उभे असायचे. हाताला काम, डोक्याला काही नाही, मग माणसं बोलतात. आमच्याकडे जाळी शिवत बसलेले लोक बोलतात तसंच. माझं इंग्रजी तिथे सुटलं, कॉलेजात नव्हे. लढाई चालू असताना कोण कुणाची चौकशी करतो?

आणि आळसच म्हणायचा तर १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेमचं काय कराल? ज्यांची बोटं भराभर चालत नाहीत त्यांनाही नेटाने खेळून जिंकता यावं, हा त्यामागचा विचार होता. त्यात मेलात तर निम्मं सोनं जातं, पण कमावलेला अनुभव जात नाही. किरकोळ राक्षस मारत बसणाऱ्याचा एकही तास फुकट जात नाही. पस्तिशीच्या माणसाला हे चांगलंच कळतं.

कंटाळा किती आणि कसा वाढायचा हेही मोजून ठरवलेलं असतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या २००४ च्या चाचणीत फार वेळ खेळलं की मिळणारे गुण निम्मे व्हायचे. लोक चिडले. मग त्यांनी उलटं सांगायला सुरुवात केली: विश्रांती घेऊन आलात तर दुप्पट, नाहीतर नेहमीएवढे. हिशोब जवळपास तोच, लोक खूश. पानाला चुना लावावा तसं हे प्रकरण आहे, जरा जास्त झाला की तोंड भाजतं.

मग राग कुणावर धरायचा? जो कंटाळा आधी पेरतो आणि मग त्यातून सुटका विकतो त्याच्यावर. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र खुलं करायला ६०,००० क्रेडिट, म्हणजे गेममधली नाणी, ठेवली होती. खेळाडूंनी हिशोब मांडला, साधारण ४० तास होत होते. बोंबाबोंब झाल्यावर त्याची १५,००० झाली. एका फटक्यात पाऊण किंमत उतरवता येत असेल, तर ती खेळाच्या मजेसाठी नक्कीच ठेवलेली नव्हती.

गेल्या मे महिन्यात दादाकडे गेलो होतो. पुतण्याच्या मोबाइल गेममध्ये कसलासा बुरूज बांधून व्हायला १८ तास लागणार होते, किंवा ८९ रुपये. दादाने तिथल्या तिथे भरले. मी विचारलं, “आता आळस कुणाचा?” म्हणाला, “पोराचा वेळ वाचला.” त्या वाचलेल्या वेळात पोरगा तोच गेम खेळत होता.

आता थोडं स्वतःविरुद्धही लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये तो लिहील. रनस्केपलाही महिन्याचे पैसे भरणारे सभासद हवेच होते आणि लांबलचक लेव्हली त्यांच्या फायद्याच्याच होत्या. मी सोळा वर्षांचा होतो, वेळेला किंमत नव्हती. आणि ज्या गेममध्ये एकट्यानेच तेच काम करायचं असतं, ना बाजार ना बोलायला माणूस, तिथे तुमचं ‘आळस’ बरोबर असू शकतं. तुम्ही कुठला गेम खेळताय ते प्रश्नात लिहिलं असतं तर नेमकं सांगता आलं असतं.

रनस्केपची २००७ ची जुनी आवृत्ती लोकांच्या मतांवर २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१८ पासून ती मोबाइलवरही आहे. मुलगी झोपली की मी अर्धा तास करामजाला जाऊन येतो. नवं खातं, फिशिंग ५३. दादाने दोनदा विचारलं, पासवर्ड दिलेला नाही.