सिकलसेलच्या मुलीला ३० दिवसांची जुनी रक्तपिशवी लावली तर प्रतिकारशक्ती बिघडते का?
नाही, मुदतीतली आणि २ ते ६ अंशांत ठेवलेली पिशवी केवळ जुनी म्हणून प्रतिकारशक्ती बिघडवते, असं सिद्ध झालेलं नाही. साठवणीत काही लाल पेशी फुटतात आणि पांढऱ्या पेशींतून सायटोकाइन (ताप आणणारी रसायनं) सुटतात; रक्त लावल्यावर हुडहुडी भरून ताप येतो त्याचं हे एक कारण, म्हणून पांढऱ्या पेशी गाळलेली पिशवी मागा. आयसीयूतल्या रुग्णांवरच्या २०१५ च्या मोठ्या चाचणीत ताज्या आणि जुन्या रक्ताने मृत्यूंत फरक पडला नाही. ती चाचणी सिकलसेलवर नव्हती हे खरं, पण ताज्या पिशवीसाठी रक्त लांबवू नका. सिकलसेलमध्ये मोठा धोका अँटिबॉडींचा, म्हणजे दुसऱ्याच्या लाल पेशींविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनांचा: गडचिरोलीहून नागपूरला नेलं तरी आधीचे रक्ताचे कागद सोबत ठेवा, आरएचचे सी-ई आणि केल (लाल पेशींवरच्या खुणा, म्हणजे रक्ताचे उपगट) जुळवायला सांगा. आणि ताजं हवं म्हणून सख्ख्या भावाचं रक्त इरॅडिएट न करता (किरणांचा मारा न करता) कधीच लावू देऊ नका. त्यातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मुलीच्या शरीरावर हल्ला करून जिवावर उठू शकतात.