आधी जन्मतारीख दुरुस्त करा

*"मुलगी आठवीत आहे. इन्स्टाग्रामवर एका अनोळखी माणसाने तिला 'युनिफॉर्ममध्ये छान दिसतेस, कुठल्या बसने घरी जातेस?' असे मेसेज केले. तिने मला नाही, वर्गशिक्षिकांना सांगितलं. बाईंनी बोलावून मलाच सुनावलं. शाळेत मोबाइलला बंदी आणि शाळा स्वतः मात्र गॅदरिंगचे फोटो मुलांच्या नावांसकट पेजवर टाकते! खातं ती पाचवीत असताना मीच काढून दिलं होतं, साल जरा मागचं टाकून. शाळा बदलावी का?"*
*– एक आई, ऐरोली*

ताई, शाळेचं राहू द्या. साल किती मागचं टाकलंत?

पाचवीतलं पोर म्हणजे दहा वर्षांचं. इन्स्टाग्रामला किमान 13 पूर्ण लागतात. बहुतेक आया सालांची यादी भराभर सरकवतात आणि 2000 च्या आसपास कुठेतरी थांबतात. तुमचंही तसंच झालं असेल, तर त्या ॲपच्या लेखी तुमची लेक आज पंचविशीतली बाई आहे. अठराच्या आतल्या मुलांचं खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, ओळखीबाहेरच्या कुणाला त्यांना मेसेज करता येत नाही आणि सोळाच्या आत असतील तर हे सैल करायला आईबापाची परवानगी लागते. भारतात ही सोय 2025 मध्ये आली. तुमच्या पोरीच्या वाट्याला ती आलीच नाही, कारण तिचं वय तुम्ही लपवून ठेवलंय.

तिने आधी बाईंना सांगितलं, हे तुम्हाला लागलंय. पण तिने तरी काय करावं? खातं खोट्या वयाचं आहे आणि ते आईनेच काढलंय, दोन्ही तिला ठाऊक. घरी सांगितलं तर मोबाइल जाणार, नाहीतर आईचं बिंग फुटणार. अशा वेळी तिने बाईंना गाठलं, शहाणी आहे पोरगी! आणि जिथे मूल शिक्षिकेपाशी एवढं बोलू शकतं, ती शाळा तुम्ही सोडायला निघालात? फोटोंचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे. आमच्या मुलीचा फोटो नावासकट टाकू नये, असं मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. संपलं.

आज जेवणं आटोपली की तिला शेजारी बसवा. त्या माणसाच्या मेसेजचे, प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढा, मग त्याला रिपोर्ट आणि ब्लॉक करा. चॅट पुसू नका, पोलिसांना लागेल. नंतर सेटिंगमध्ये वैयक्तिक माहिती उघडा आणि खरी जन्मतारीख तिच्याच हाताने घालू द्या. "हे मी खोटं टाकलं होतं," एवढं तिच्या तोंडावर म्हणा. पुढे भाषण नको. ती कुरकुरेल, मैत्रिणी हसतील म्हणेल. तारीख बदलून होईपर्यंत उठायचं नाही.

उद्या सकाळी स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाणं गाठा. मधे काही अडलं तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि जाण्याआधी बाईंना फोन करून सोबत येता का विचारा. माझा अंदाज आहे, येतील.