बिलाचा वाद आणि ‘लीगल डिपार्टमेंट’चे फोन

प्रश्न : आमच्या पोस्टपेड फॅमिली प्लॅनवरचं जादा सिम बंद करण्यासाठी मी गेल्या वर्षी कंपनीच्या गॅलरीत अर्ज दिला. पोच घ्यायची राहिली. पुढे माझा मुख्य नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, शेवटचं बिलही भरलं. आता त्या जादा सिमचे 7,340 रुपये थकलेत म्हणून ‘लीगल डिपार्टमेंट’मधून रोज फोन येतात. ‘420 लावून अटक करू’ म्हणतात. माझ्या मेहुण्यांनाही फोन केला. ‘3,000 भरा, विषय संपवा’ असंही सांगतात. त्यात परवा लोक अदालतीची नोटीस आली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही ना? पैसे भरून मोकळा होऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : अटकेची भीती आधी डोक्यातून काढा. बिल थकणं हा दिवाणी वाद आहे. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू लागतो. वर्षानुवर्षं बिलं भरलेल्या आणि एखाद्याच बिलाबद्दल हरकत असलेल्या ग्राहकाला तो चिकटत नाही. शिवाय 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम 318 झालं. फोनवरच्या ‘वकिलसाहेबां’पर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाबाबत मात्र तुमची निराशा करावी लागेल. सकाळी आठ ते संध्याकाळी सात ही वेळमर्यादा बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांसाठी आहे. मोबाईल कंपनी रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तो नियम इथे पुढे केलात तर समोरचा हसेल. म्हणून त्याला रान मोकळं आहे असंही नाही. धमकी देणं हा न्याय संहितेच्या कलम 351 खाली गुन्हा आहे आणि पोलीस असल्याची बतावणी करणं कलम 204 खाली. मेहुण्यांनी तुमच्या बिलाची हमी घेतलेली नसेल तर त्यांचा या पैशांशी काडीचा संबंध नाही. त्यांनी एवढंच सांगून फोन ठेवावा, तुमच्या नोकरीची किंवा पत्त्याची माहिती देऊ नये.

फोन करणारा खरंच कंपनीचा माणूस आहे का, हाही प्रश्नच आहे. थकबाकीदारांच्या याद्या कुठून कुठे फिरतात याचा भरवसा नाही. त्याच्याकडे एजन्सीचं नाव आणि कंपनीचं अधिकारपत्र ईमेलवर मागा. पुढे फोनवर वाद घालू नका, ‘लेखी पाठवा’ एवढंच म्हणा. कुणी यूपीआय नंबर किंवा क्यूआर कोड पाठवला तर एक रुपयाही टाकू नका. असे फोन आणि मेसेज केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये कळवता येतात. कॉल रेकॉर्ड झाले असतील तर तो फोन जपा, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

आता ते 3,000. माझा सल्ला : आज भरू नका. पैशांच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षं मिळतात. तुम्ही ‘पुढच्या महिन्यात बघतो’ असं व्हॉट्सअपवर लिहिलंत किंवा थोडी रक्कम भरलीत, तर देणं कबूल केल्याचा आणि मुदत नव्याने सुरू झाल्याचा युक्तिवाद कंपनीला मिळतो. वर उरलेले 4,340 सोडल्याचं लेखी कुणी दिलेलं नसतं. सहा महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीचा माणूस तेवढ्यासाठी फोन करतो. हे मी पक्षकारांच्या बाबतीत बरेचदा पाहिलं आहे.

बिल खरं किती, हे तपासायला कंपनीला लेखी विचारा. माझा अंदाज असा की मुख्य नंबर बाहेर गेल्यावर जादा सिमला स्वतंत्र प्लॅन लागला असावा आणि त्याचं भाडं महिन्यामागून महिना चढत गेलं असावं. ईमेलमध्ये साधारण असं लिहा : ‘अमुक नंबर बंद करण्याचा अर्ज मी अमुक तारखेला अमुक गॅलरीत दिला होता. त्यानंतरची आकारणी मला मान्य नाही. सदर नंबरचा अर्जानंतरचा वापर, लावलेला प्लॅन, खातेउतारा आणि माझ्या डिपॉझिटचा हिशेब द्यावा. हा मजकूर थकबाकीची कबुली समजू नये.’ शेवटचं वाक्य गाळू नका. पोच नसली तरी गॅलरीतल्या टोकनचा मेसेज, तिथून आलेला एखादा फोन असं काही सापडतं का पाहा. सिमचा वापर शून्य निघाला तर तुमची बाजू भक्कम होते. मात्र अर्जाच्या तारखेपर्यंतचं भाडं निघालं तर ते तुम्हाला द्यावंच लागेल. तेवढं कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून भरा आणि ‘अमुक तारखेपर्यंतच्या आकारणीपोटी, बाकी रक्कम अमान्य’ असं कळवा.

तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. उत्तर पटलं नाही तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2012 च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. अपिलाला फी नाही आणि त्याचा निकाल 39 दिवसांत लागायला हवा. हे प्राधिकरण कंपनीचंच असतं, तेव्हा फार आशा ठेवू नका. पण पुढे ग्राहक आयोगात हाच कागद उपयोगी पडतो.

लोक अदालतीच्या नोटिशीने लोक उगाच हबकतात. कागद नीट वाचा. वर ‘राष्ट्रीय लोक अदालत’ आणि त्याखाली ‘दावा दाखलपूर्व प्रकरण’ असं असेल, तर याचा अर्थ तुमच्यावर अजून दावा झालेलाच नाही. तिथे तुमच्या संमतीशिवाय काहीही ठरत नाही आणि गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षा नाही. तरी जा, असंच मी सांगेन. खर्च नाही, आणि कंपनीच्या माणसाला सूट देण्याचा अधिकार सहसा त्याच दिवशी असतो. आधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात नोटीस खरी आहे का विचारून घ्या. कारण वसुलीवाल्यांची तशाच तोंडवळ्याची पत्रंही फिरत असतात. तडजोड पटली नाही तर सही न करता परत या. सही केलीत तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही.

‘कायमस्वरूपी लोक अदालत’ असा शब्द असेल तर मात्र चुकूनही गैरहजर राहू नका. टेलिफोनसारख्या सार्वजनिक सेवांच्या वादात तडजोड फसली तर ती अदालत स्वतः निकाल देऊ शकते.

यातून मिटलं नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही राहता तिथेच तक्रार चालते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. ‘टेलिफोनच्या वादात ग्राहक आयोगाला अधिकारच नाही’ असा मुद्दा कंपनीचे वकील सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालावरून काढतील. त्यावर त्याच न्यायालयाचा फेब्रुवारी 2022 चा व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल हा निकाल दाखवा. त्यात ग्राहक आयोगाचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला आहे.

दरम्यान सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्ज-थकबाकीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून वर्षातून एकेकदा मोफत मिळणारे अहवाल काढून ठेवा. ही थकबाकी तिथे चढलेली दिसली तर ऑनलाइन हरकत नोंदवा, तिचा निपटारा 30 दिवसांत व्हायला हवा. आणि तडजोड कुठेही झाली तरी पत्रात ‘पूर्ण व अंतिम’ आणि ‘कोणतीही बाकी नाही’ हे शब्द आहेत का, ते सहीच्या आधी वाचा. अहवालात खातं ‘क्लोज्ड’ दिसलं पाहिजे. ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलं, असा शेरा राहिला तर उद्या घरकर्जाच्या वेळी बँकेचा माणूस नेमकं त्यावरच बोट ठेवेल.